आठवा दिवस : कोकणातल्या बेने इस्रायलांची सुंता



आपल्या या शीवच्या स्टेशनावर उभे असताना तिथली पाटी आपण कितीदा तरी वाचली असेल. मराठीत शीव, इंग्रजीत सायन. शीव म्हणजे गावाची हद्द. मुंबई बेट इथे संपे आणि खाडीपलीकडे साष्टी सुरू होई. 1665 साली मुंबई इंग्रजांच्या ताब्यात आली, तेव्हापासून 1737 पर्यंत ही खाडी इंग्रज आणि पोर्तुगीज यांच्यामधली शीव होती; नंतर काही वर्षे ती इंग्रज आणि मराठे यांच्यामधली झाली. आता इंग्रजी नावाकडे पाहा. जेसुइट पाद्र्यांनी इथल्या टेकडीवर प्रार्थनामंदिर बांधले, त्याला जेरुसलेमच्या सियोन पर्वताचे नाव दिले आणि त्यावरून सायन झाले, असे सांगतात. ज्यांना हे पटत नाही ते म्हणतात की परक्यांच्या तोंडी शीवचेच सायन झाले. हा तंटा आज आम्हाला सोडवायचा नाही. पण एकाच पाटीवर हद्दीचा मराठी शब्द आणि यहुद्यांच्या पवित्र पर्वताचे नाव शेजारी शेजारी बसावे, हा योग आमच्या विषयाला मोठा सोयीचा आहे. कारण आज आम्ही बोलणार आहोत ते यहुद्यांनी आपल्या मुलांच्या देहावर घातलेल्या एका शिवेबद्दल.

सुंता हा शब्द उच्चारला की आपल्याकडे कोणी खाली पाहतो, कोणी शेजाऱ्याला कोपर मारतो. या शब्दाचा शिवीसारखा उपयोग करणारेही कमी नाहीत. इतिहासाच्या अभ्यासकाला हा संकोच परवडत नाही. ज्या विधीसाठी राज्ये उलथली, माता सुळावर गेल्या, आणि जो जपल्यामुळे कोकणातला एक लहानसा समाज शेकडो वर्षे आपण कोण हे विसरला नाही, त्याकडे सरळ पाहिले पाहिजे.

तो समाज म्हणजे बेने इस्रायल, इस्रायलचे पुत्र. अलिबाग, रेवदंडा, पेण, पनवेल, मुरूड या टापूतल्या गावोगावी हे लोक तेलाचे घाणे चालवीत. शनिवारी त्यांचा घाणा बंद. म्हणून शेजारी त्यांना शनवार तेली म्हणत. त्यांची भाषा मराठी, त्यांच्या बायकांचे लुगडे आपलेच, आणि आडनावे गावांवरून घेतलेली : दिवेकर, केहीमकर, नवगावकर, झिराडकर, पेणकर, रोहेकर. अशी शंभराहून अधिक आडनावे त्यांच्यात मोजता येतात. त्यांची परंपरा सांगते की फार पूर्वी त्यांच्या पूर्वजांचे जहाज अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्याशी फुटले. सात पुरुष आणि सात स्त्रिया तेवढ्या वाचल्या. लाटांनी किनाऱ्याला लावलेली प्रेते नवगावातच पुरली. ती जागा आजही दाखवतात. पोथ्यापुस्तके समुद्राच्या पोटात गेली.

जहाज खरेच फुटले की नाही, हे कोणी ताम्रपट काढून सिद्ध केलेले नाही. 2016 साली प्रसिद्ध झालेल्या एका जनुकीय अभ्यासात या समाजाच्या रक्तात पश्चिमेकडच्या यहुद्यांचा अंश आणि इथल्या लोकांचा अंश असे दोन्ही सापडले, आणि ही मिसळ सुमारे 19 ते 33 पिढ्यांपूर्वीची असावी असा अदमास निघाला. दंतकथेच्या तपशिलाला यातून पुरावा मिळत नाही, पण तिच्या गाभ्याला मिळतो. आम्हाला मात्र या कथेतले एकच वाक्य महत्त्वाचे वाटते : पुस्तके बुडाली. मग उरले काय?

या प्रश्नाचे उत्तर याच समाजातल्या एका थोर गृहस्थांनी तपशिलाने लिहून ठेवले आहे. हाईम सॅम्युएल केहीमकर यांचा जन्म 1830 सालचा. मुंबईत 1875 साली जी इस्रायली शाळा निघाली, तिच्यामागे त्यांचे परिश्रम होते. आपल्या जातीचा इतिहास त्यांनी 1897 च्या सुमारास इंग्रजीत लिहून पुरा केला, पण तो छापून निघाला 1937 साली, तेल अवीवला, म्हणजे त्यांच्या मृत्यूनंतर. ते सांगतात की पूर्वजांना हिब्रू भाषा उरली नव्हती. ‘शेमा’ या प्रार्थनेचे आरंभीचे शब्द तेवढे मुखोद्गत होते, आणि ते प्रत्येक प्रसंगी म्हणत. शनिवार पाळत. ज्या माशाला पर आणि खवले नाहीत तो खात नसत. काही सण पाळत, पण त्यांची नावे पुरती आपल्याकडची झाली होती. नव्या वर्षाचा तो नव्याचा सण. प्रायश्चित्ताच्या उपासाला दार लावून घरात बसायचे म्हणून तो दारफळणीचा सण. मंदिर पडल्याच्या दुःखाच्या दिवशी वालाचे बिरडे करायचे म्हणून बिरड्याचा सण. पुरीम आला की होळीचा सण. यातल्या काहींचा मूळ अर्थ काय, हे विचारले तर म्हाताऱ्या माणसांनाही सांगता आले नसते. आणि या सर्वांबरोबर एक गोष्ट होती : मुलगा झाला की आठव्या दिवशी सुंता.

आता गंमत अशी की ज्या सणाचा सुंतेशी सगळ्यांत जवळचा संबंध, तोच या यादीत नाही. तो म्हणजे हनुक्का. इसवी सनापूर्वी 167 च्या सुमारास सीरियाचा ग्रीक राजा अँटायोकस याने यहुद्यांचा धर्म मोडायचे ठरवले आणि त्यात सुंतेवर बंदी घातली. मॅकबी बंधूंच्या इतिहासात असे नमूद आहे की ज्या मातांनी मुलांची सुंता करवली त्यांना ठार मारण्यात आले आणि त्यांची अर्भके त्यांच्याच गळ्यात टांगण्यात आली. त्यावर बंड झाले, मंदिर परत मिळाले, इसवी सनापूर्वी 164 साली त्याची शुद्धी झाली. तिचा सण तो हनुक्का. कोकणातल्या बेने इस्रायलांना तो ठाऊकच नव्हता. केहीमकरांनी यावरून तर्क केला की त्यांचे पूर्वज बंडाच्या आधीच, इसवी सनापूर्वी 175 च्या सुमारास, देश सोडून निघाले असले पाहिजेत. तर्क चलाख आहे. पण ज्यांचे इतके विसरले गेले त्यांचा हाही सण मागाहून विसरला गेला नसेल कशावरून? एवढे खरे की सुंतेच्या रक्षणासाठी झालेल्या लढाईची आठवण या लोकांजवळ नव्हती, आणि ज्याच्यासाठी लढाई झाली ती सुंता मात्र होती.

हा विधी मुळात यहुद्यांनी शोधून काढलेला नव्हे. ईजिप्तमध्ये सक्कारा येथे आंखमाहोर नावाच्या अधिकाऱ्याचे थडगे आहे, सुमारे सव्वाचार हजार वर्षांपूर्वीचे. त्याच्या भिंतीवर सुंतेचा प्रसंग कोरलेला आहे, आणि तिथे ज्यांच्यावर शस्त्र चालले आहे ती तान्ही मुले नव्हेत, उभी राहिलेली जवान पोरे आहेत. वयात येणाऱ्या मुलाला पुरुषांच्या पंगतीत घेण्याचा तो विधी होता. अरबस्तानात आणि आफ्रिकेतही कितीतरी जमातींत तो तसाच आहे. यहुद्यांनी केले ते इतकेच की तो उचलून आठव्या दिवसावर नेला. पण या ‘इतकेच’मध्ये सगळे आले.

बायबलातल्या उत्पत्तीच्या पुस्तकात सतराव्या अध्यायात ही कथा आहे. अब्राहाम नव्याण्णव वर्षांचा असताना देव त्याच्याशी करार करतो आणि कराराची खूण म्हणून सुंता सांगतो. अब्राहाम त्या वयात स्वतःची सुंता करून घेतो. त्याचा मुलगा इश्माएल तेव्हा तेरा वर्षांचा. पुढे इसहाक जन्मतो, त्याची आठव्या दिवशी होते. हिब्रूत या विधीला ‘ब्रित मिला’ म्हणतात. ब्रित म्हणजे करार, मिला म्हणजे कापणे. त्या भाषेत करार ‘करीत’ नाहीत, ‘कापतात’. आपल्याकडे बेलभंडार उचलला की शपथ पक्की होते, तसे त्या काळच्या त्या देशात काहीतरी कापल्याशिवाय वचन पक्के होत नसे.

इथे आपल्याला मुंजीची आठवण होणे साहजिक आहे. तिथे आठवा दिवस, इथे आठवे वर्ष. दोन्हीकडे मूल कुळातून धर्मात येते. पण भेद लक्षात घेण्यासारखा आहे. आठ वर्षांचा बटू मंत्र म्हणतो, भिक्षा मागतो, त्याला काहीतरी कळते. आठ दिवसांच्या पोराला काय कळणार! त्याची परीक्षा नाही, त्याची संमती नाही, त्याची योग्यता कोणी विचारीत नाही. करार आधी होतो, समज मागून येते. दुसरा भेद असा की मुंज वर्णांपुरती राहिली; उत्पत्तीच्या त्या अध्यायात मात्र घरात जन्मलेल्या दासाला आणि दाम देऊन विकत घेतलेल्या दासालाही तीच खूण सांगितली आहे. मालक आणि दास एकाच कराराखाली. व्यवहारात त्याचे काय झाले, ते पुढे बोलू.

ग्रीकांना हे सारे रानटी वाटे. त्यांच्या व्यायामशाळेत तरुण नग्न होऊन कुस्त्या खेळत. आपल्या तालमीत निदान लंगोट तरी असतो, तिथे तोही नसे. जेरुसलेमात अशी व्यायामशाळा निघाली तेव्हा ग्रीकांसारखे दिसावे म्हणून काही यहुदी तरुणांनी शस्त्रक्रिया करून घेऊन सुंतेची खूण पुसण्याचा खटाटोप केला, असे त्याच मॅकबींच्या इतिहासात आले आहे. गावच्या शिवेचा दगड रात्री सरकवणारे असतातच. पेशवे दफ्तरात शिवेच्या तंट्यांचे कागद काही थोडे नाहीत. पुढे धर्मशास्त्र्यांनी विधीत वरची कातडी कापून न थांबता आतला पडदाही मागे सारण्याचा आग्रह धरला. खूण कोणाला पुसता येऊ नये हा त्यातला हेतू होता, असे पुष्कळ विद्वान मानतात. रोमन बादशहा हेड्रियनच्या काळी पुन्हा बंदीची गोष्ट निघते. ख्रिस्ताची स्वतःची सुंता आठव्या दिवशी झाली होती, हे लूकच्या शुभवर्तमानात आहे. परंतु इसवी सन 50 च्या सुमारास त्याच्या अनुयायांनी जेरुसलेमात ठरवले की परजातीतून येणाऱ्यांना सुंतेची सक्ती नको. दोन धर्मांची वाट तिथे फुटली.

आता कोकणात परत येऊ. पुस्तक नाही, मंदिर नाही, पुरोहितांची परंपरा नाही, आणि तरीही ही गोष्ट टिकली कशी? आमच्या मते उत्तर त्या विधीच्या घडणीतच आहे. त्याला जेरुसलेमचे मंदिर लागत नाही, बळी लागत नाही, लेवी पुरोहित लागत नाही. शास्त्राने हे कर्तव्य बापावर टाकलेले आहे. शस्त्र धरणारा ‘मोहेल’ हा बापाचा प्रतिनिधी. मोशेच्या कथेत तर एकदा त्याची बायको सिप्पोरा हिने गारगोटीच्या धारेने मुलाची सुंता केली आहे. म्हणजे एक घर, एक धारदार शस्त्र, आणि आठपर्यंत मोजता येणारे कोणीतरी, एवढ्यावर हे भागते. सणांची तिथी ठरवायला पंचांग लागते. आठ दिवस मोजायला बोटे पुरतात.

आणि ही बोटे कोणाची असतील? कोकणातल्या शेजारघरी सहाव्या रात्री सटवाई भाळावर लिहायला येते म्हणून दिवा तेवता ठेवून जागतात, बाराव्या दिवशी बारसे होते. बाळंतिणीच्या खोलीत दिवसांची मोजदाद बायकांकडे असते. सहा आणि बारा मोजणाऱ्या शेजारणींच्या मध्ये ज्या बायका आठ मोजत राहिल्या, त्यांनी धर्म राखला असे आम्हाला वाटते. याला कागदाचा आधार नाही, पण परंपरेतली दुसरी एक कथा याला पोषक आहे. डेव्हिड राहाबी नावाचा परदेशी यहुदी कोकणात आला आणि त्याला संशय आला की हे तेली आपल्याच रक्ताचे असावेत. त्याने परीक्षा पाहण्यासाठी तऱ्हेतऱ्हेचे मासे आणून बायकांपुढे ठेवले. त्यांनी पर आणि खवले असलेले तेवढे वेगळे काढले आणि बाकीचे आम्ही खात नाही म्हणून सांगितले. परीक्षा झाली ती चुलीपाशी.

दिवस मोजण्याचे नियमही पाहण्यासारखे आहेत. यहुदी दिवस सूर्यास्ताला सुरू होतो आणि जन्माचा दिवस पहिला धरतात. सोमवारी दुपारी जन्मलेल्याची सुंता पुढच्या सोमवारी. सोमवारी दिवेलागणीनंतर जन्मलेल्याची मंगळवारी. आणि आठवा दिवस शनिवारी आला तर? ज्या शनिवारी घाणा चालत नाही, चूल पेटत नाही, त्या शनिवारीही सुंता होते. शब्बाथाहून ती मोठी. मात्र मूल आजारी असेल, काविळीने पिवळे पडले असेल, तर थांबायचे. आणि असे लांबलेले काम मग शनिवारी करायचे नाही. ताल्मूदात याहून एक शहाणपणाचा नियम आहे. एखाद्या बाईचे दोन मुलगे सुंतेने दगावले असतील तर तिसऱ्याची करू नये. रक्त न थांबण्याचा आजार आईकडून मुलांत उतरतो हे वैद्यकाला समजण्याच्या कितीतरी शतके आधी धर्मशास्त्र्यांनी ते अनुभवाने ओळखले होते. धर्म आंधळाच असतो असे म्हणणाऱ्यांनी हा नियम पाहावा.

विधी सहसा सकाळी होतो, सिनेगॉगमध्ये किंवा घरी. बेने इस्रायल लोक सिनेगॉगला मशीद म्हणत आले. आम्ही स्वतः असा एक विधी मुंबईत पाहिला आहे. खुर्च्या दोन मांडलेल्या होत्या. एकीवर मूल मांडीवर घेणारे आजोबा बसले. दुसरी सजवलेली, आणि रिकामी. आमच्या शेजारी बसलेल्या गृहस्थांना, कोणी यायचे राहिले आहे काय, असे आम्ही विचारले. ते हसून म्हणाले, ‘‘आलेत ते. ती एलियाहू हनाबींची खुर्ची.’’ एलिया हा इस्रायलचा प्रेषित. लोकांनी तुझा करार टाकला अशी तक्रार त्याने एकदा देवाकडे केली होती. तेव्हा, तूच प्रत्येक सुंतेला जातीने हजर राहा आणि करार पाळतात की नाही ते डोळ्यांनी पाहा, असे त्याला सांगण्यात आले, अशी जुनी आख्यायिका आहे. त्याची खुर्ची जगभरच्या यहुद्यांत मांडतात. पण आपल्या कोकणातल्या यहुद्यांचे या प्रेषिताशी नाते काही वेगळेच. अलिबागजवळच्या खंडाळे गावी खडकावर एक खूण दाखवतात. एलियाहूचा रथ तिथून स्वर्गाला गेला तेव्हाची ती टाप, अशी त्यांची श्रद्धा. नवस बोलायचा तो एलियाहूला, आणि फेडायचा तो मलिदा करून. गोड पोहे, त्यात ओल्या नारळाचा चव, आणि वर फळे. ताटाभोवती बसून प्रार्थना म्हणायची आणि मग वाटायचे. लग्न, प्रवास, आजारातून उठणे, मुलगा होणे, सगळ्या मंगल प्रसंगी मलिदा. करारावर पहारा ठेवणारा उग्र प्रेषित कोकणात येऊन नवसाला पावणारा झाला, हे इथल्या मातीला धरूनच झाले.

एकोणिसाव्या शतकातल्या गॅझेटियरांत या विधीचे जे वर्णन आहे त्यात मुलाला घेऊन येण्याचा मान मामाचा आहे. जावळ काढताना आपल्याकडे मूल मामाच्याच मांडीवर बसते, हे आपल्या ध्यानात आलेच असेल. मूल आत आले की जमलेली मंडळी उभी राहून त्याचे स्वागत करतात. मोहेल आपले काम मिनिटा-दोन मिनिटांत उरकतो. बाप आशीर्वचन म्हणतो की याला अब्राहामाच्या करारात घेत आहोत. मंडळी उलट आशीर्वाद देतात की तो जसा करारात आला तसाच विद्येत, विवाहात आणि सत्कर्मांत येवो. मग प्याल्यावर प्रार्थना होते. द्राक्षाच्या मद्याऐवजी इकडे काळ्या मनुका भिजवून केलेले सरबत वापरण्याची चाल आहे. आणि मग मुलाचे नाव जाहीर होते.

या नावांचीही मोठी मौज आहे. हिब्रू नाव पुकारले जाई ते प्रार्थनेपुरते. दारात उभ्या असलेल्या कोकणाने ते आपल्या जिभेला साजेल असे करून घेतले. अब्राहामाचा झाला आबाजी, सॅम्युएलचा सामाजी, बेंजामिनचा बन्नाजी, एलियाचा एलोजी, जोसेफचा इसूबजी, डेव्हिडचा दाऊदजी. शेतसाऱ्याच्या कागदात आबाजी बन्नाजी असे वाचले तर हा मराठा की यहुदी हे कोण सांगेल? नावाने, भाषेने, पोशाखाने शीव पुसली गेली होती. उरली होती ती अंगावरची. आणि तीही दुहेरी. सुंता असल्यामुळे हिंदू शेजाऱ्यांपासून वेगळे. पण सुंता तर कोकणी मुसलमानांचीही होते. त्यांच्यात ती मूल जरा मोठे झाल्यावर, सोयीने, केव्हाही. इथे आठव्या दिवशी, नेमाने. दोन मोठ्या समाजांच्या मध्ये आपली लहानशी जागा या लोकांनी एका तारखेने राखली. ही तारीख निसटली असती तर त्यांचे वेगळेपण कितपत उरले असते, याची आम्हाला शंका वाटते.

त्यांच्या सीमेवर धोका नव्हता असे मात्र नाही. रेवदंडा 1740 पर्यंत पोर्तुगीजांकडे होते, वसई 1739 पर्यंत, आणि गोव्यात 1560 साली इन्क्विझिशन बसले होते. लपून यहुदी धर्म पाळणाऱ्या नवख्रिस्त्यांना हुडकणे हे त्याचे आवडते काम, आणि सुंता ही त्याच्या दृष्टीने अंगावर लिहिलेली कबुली. आपल्या मुंबई बेटाचा त्याच्याशी निकटचा संबंध आहे. गार्सिया द ओर्ता हा पोर्तुगीज वैद्य जन्माने यहुदी कुळातला नवख्रिस्ती. मुंबई बेट त्याच्याकडे खंडाने होते. इथल्या औषधी वनस्पतींवरचा त्याचा ग्रंथ 1563 साली गोव्यात छापला. 1568 साली तो मरण पावला. पुढच्याच वर्षी त्याची बहीण कातारिना हिला यहुदी धर्म पाळल्याबद्दल जाळण्यात आले, आणि 1580 साली त्याची स्वतःची हाडे उकरून जाळली. सियोनचे नाव टेकडीला देणाऱ्या राजवटीत सियोनच्या लेकरांची ही दशा! त्याच शतकात, काही कोसांवर, निजामशाहीच्या आणि पुढे आंग्र्यांच्या व जंजिऱ्याच्या मुलखात शनवार तेली आठव्या दिवशी उघडपणे सुंता करीत होते आणि त्यांना कोणी ‘का’ म्हणून विचारीत नव्हते. हे आपल्या मुलखाचे मोठेपण आम्ही मुद्दाम सांगतो, कारण ते सांगायचे राहून जाते.

राहाबी नेमका केव्हा आला याविषयी इतिहासकारांत एकमत नाही. कोणी त्याला अकराव्या शतकात नेतात, कोणी अठराव्या शतकातल्या कोचीनच्या राहाबी घराण्यात बसवतात. या घराण्यातल्या एझेकिएल राहाबीने 1768 साली हॉलंडमधल्या एका यहुदी सावकाराला लिहिलेल्या पत्रात बेने इस्रायलांचा उल्लेख आहे, तेव्हा त्या शतकात कोचीनकरांना ते ठाऊक होते एवढे निश्चित. परंपरा म्हणते की राहाबीने झिराडकर, शापूरकर आणि राजपूरकर या घराण्यांतून तिघांना शिकवून तयार केले. ते काजी म्हणून गावोगाव हिंडून विधी चालवू लागले. अठराव्या शतकाच्या मध्यापासून लोक मुंबईस येऊ लागले. त्यांतला सामाजी हसाजी दिवेकर, म्हणजे सॅम्युएल एझेकिएल, कंपनीच्या पलटणीत अंमलदार होता. म्हैसूरच्या दुसऱ्या युद्धात तो टिपूच्या हाती सापडला आणि सुटला. हे बेने इस्रायल आहेत, यांचे नाव कुराणात आहे, असे टिपूच्या आईने सांगून त्याला वाचवले, अशी कथा आहे. सुटकेचे ऋण म्हणून त्याने 1796 साली मुंबईचे पहिले सिनेगॉग बांधले, ‘दयेचे द्वार’. मशीद बंदर हे नाव या मशिदीवरून पडले असे पुष्कळ लोक मानतात. पुढे 1842 साली रेवदंड्यास, 1848 साली अलिबागेस, 1849 साली पनवेलीस सिनेगॉगे झाली. त्यांचा कारभार मुकादम आणि चौगुला पाहत; हे हुद्दे कोणत्या पोथीतून आले ते सांगायला नको. कोचीनहून आलेल्या शिक्षकांनी आणि मुंबईच्या मिशनऱ्यांनी हिब्रू शिकवली, जोसेफ एझेकिएल राजपूरकरांनी प्रार्थनाग्रंथांची मराठी भाषांतरे केली, आणि 1874 साली पुण्यात वल्हांडणाची सचित्र हग्गादा मराठी भाषांतरासह छापली गेली. बुडालेली पुस्तके वर आली, ती मराठीत. ज्यांच्या बापजाद्यांनी अर्थ न कळता आठ दिवस मोजले होते, त्यांना आता अब्राहामाचा तो अध्याय आपल्या भाषेत वाचता आला.

मघाशी आम्ही मालक आणि दास यांची गोष्ट अर्धी ठेवली होती. करार सर्वांना सारखा असे शास्त्र म्हणते. पण बेने इस्रायलांत गोरे आणि काळे असे दोन भाग पडले होते. यहुदी बाप आणि परजातीची आई यांच्यापासूनची संतती ती काळी, असे मानत. त्यांच्याशी सोयरीक नाही, पंगतीला वेगळे बसवणे. काळ्यांच्या मुलांचीही सुंता आठव्याच दिवशी होई. अंगावरची खूण एकच, आणि ताट वेगळे. ही विद्या त्यांनी कोणाच्या शेजारी राहून उचलली, हे आपण जाणतोच. आज हा भेद मोडला आहे.

पण त्या भेदाच्या मागचा प्रश्न पुढे त्यांच्यावरच उलटला. 1948 साली इस्रायल राष्ट्र झाले. तेव्हा भारतात सुमारे 20,000 बेने इस्रायल होते. त्यांतले बहुतेक हळूहळू तिकडे गेले. तिथल्या मुख्य धर्मपीठाने 1960 नंतरच्या दोन-तीन वर्षांत शंका काढली : यांच्या पूर्वजांना विवाह आणि घटस्फोट यांचे शास्त्र ठाऊक नव्हते, तेव्हा यांच्याशी लग्न लावताना आईच्या बाजूच्या पिढ्या तपासाव्यात. कोकणातून गेलेल्या माणसांनी जेरुसलेमात धरणे धरले. अखेर 1964 च्या ऑगस्टमध्ये तिथल्या संसदेने हे सर्वार्थाने यहुदीच आहेत असे जाहीर केले आणि धर्मपीठाला माघार घ्यावी लागली. शंका सुंतेबद्दल नव्हती, हे इथे पाहण्यासारखे आहे. जे देहावर लिहिले होते ते वाचता आले. जे कागदावर नव्हते त्यासाठी भांडावे लागले.

आजही या विधीचा वाद संपलेला नाही. 2012 साली जर्मनीत कोलोनच्या न्यायालयाने निवाडा दिला की अजाण मुलाची धार्मिक सुंता ही शारीरिक इजा होय. त्यावर गहजब होऊन वर्षअखेर तिथल्या संसदेने काही अटींवर तिला परवानगी देणारा कायदा केला. मुलाच्या संमतीचा प्रश्न खोटा नाही. आम्ही मघाशी म्हटलेच की आठ दिवसांच्या पोराला कोणी विचारीत नाही. पण धर्म, भाषा आणि नाव यांपैकी कोणती गोष्ट आपल्याला विचारून दिलेली असते? एवढेच की त्यांना शस्त्र लागत नाही, आणि हा फरक ज्याला मोठा वाटतो त्याला आम्ही चूक म्हणणार नाही.

मुंबईत आता हा समाज थोडा उरला आहे. महाराष्ट्र सरकारने 2016 साली यहुद्यांना अल्पसंख्य समाज म्हणून मान्यता दिली, तेव्हा पुष्कळांना ते इथे आहेत हेच प्रथम कळले. आपल्या शेजारी कुर्ल्याला 1946 साली त्यांचे प्रार्थनागृह स्थापन झाले. इस्रायलात गेलेले लोक ‘मायबोली’ नावाचे मराठी नियतकालिक काढीत आणि मलिद्याचे ताट तिथेही मांडत आले.

व्याख्यानापूर्वी चहा घेताना एका भगिनींनी आम्हाला विचारले, मुलगी झाली तर काय करतात? तिच्या देहावर काही खूण नाही. यहुदी शास्त्राने मूल यहुदी की नाही हे आईवरून ठरवले आणि कराराची खूण मात्र मुलग्याला दिली. आपल्या बेने इस्रायलांत मुलीला पाळण्यात घालून तिचे नाव ठेवतात. सुवासिनी जमतात, पाळणा हलवतात, गाणी म्हणतात, आणि ओल्या खोबऱ्याबरोबर भिजवलेले हरभरे वाटतात.